चिवट दुखण्यासाठी मराठी स्वयंमदत कार्यक्रम : अमळनेरच्या कामाच्या नोंदी (जून २०२४ ते मे २०२५)

१२ जून २०२४
कामाला आज सुरुवात केली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून अकरा वर्षांपासून कंबर आणि डाव्या पायाच्या दुखण्यासोबत राहते. तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकात जीर्ण वेदना म्हणतात, तेव्हा माझे दुखणे त्या हिशेबाने फारच जुने झाले. दोन वर्षांपूर्वी इंग्रजीतला एक ऑनलाइन स्वयंमदत कार्यक्रम मी पूर्ण केला. दुखणे गेले नाही. पण जिने चढणे, बाजार आणि झोप या तीन गोष्टी परत मिळाल्या. असा कार्यक्रम आपल्या भागातल्या बायामाणसांना मराठीतून मिळावा, एवढाच हेतू आहे. धुळ्याची एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण मजकूर तपासून देणार आहे आणि पुण्यातला भाचा तांत्रिक बाजू पाहणार आहे. माझा अंदाज तीन महिने आणि पाच हजार रुपयांचा आहे.

२० जून
पहिले आठ दिवस वाया गेले. परदेशी कार्यक्रमाची चौदा पाने उत्साहाने भाषांतरित केल्यावर परवानगीचा मजकूर वाचला, तेव्हा त्याचे भाषांतर करून वाटता येत नाही असे तिथे स्पष्ट लिहिलेले दिसले. ही गोष्ट पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. आता कोणाचेही भाषांतर न करता सर्वत्र मान्य असलेल्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या असे ठरले. या कार्यक्रमांचा साचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो : दुखणे कसे टिकून राहते, काम टप्प्याने कसे करावे, हालचाल हळूहळू कशी वाढवावी, झोप, मनातले विचार, आणि दुखणे वाढल्यास काय करावे. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या कार्यक्रमात पाच पाठ आठ आठवड्यांत देतात. ब्रिटनमधल्या एका कार्यक्रमाच्या दहा पायऱ्या आहेत. आम्ही आठ आठवड्यांत आठ पाठ ठेवले.

२७ जून
शब्दांपाशी अडलो. इंग्रजीत ज्याला ‘पेसिंग’ म्हणतात त्यासाठी मी ‘गती राखणे’ लिहिले होते. शेजारच्या काकूंना वाचून दाखवले तर त्या म्हणाल्या, “म्हणजे भरभर आवरायचं, असंच ना?” नेमका उलटा अर्थ निघाला होता. ‘दमादमाने काम’ म्हटल्यावर त्यांना एका वाक्यात कळले. दुखणे अचानक वाढते त्यासाठी वेगळा शब्द घडवण्याची गरजच पडली नाही, कारण ‘दुखणे उचल खाते’ असे सगळे बोलतातच. ‘ध्येय’ हा शब्द मात्र काढावा लागला. साठीच्या माणसाला ध्येय विचारले की तो हसतो. त्याऐवजी ‘दुखण्यापायी काय करायचे राहून गेले?’ असा प्रश्न ठेवला; त्यावर लोक अर्धा तास बोलतात.

४ जुलै
पहिल्या पाठाचे ध्वनिमुद्रण केले. माईक १,४५० रुपयांना पडला. पंखा लावला तर त्याचा आवाज येतो आणि बंद केला तर पंधरा मिनिटांत घाम पुसावा लागतो. शेवटी दारे-खिडक्या लावून, भिंतीला गोधड्या टांगून, पंखा बंद ठेवून काम केले. आवाज चांगला आला म्हणून उत्साहाच्या भरात दुसरा आणि तिसरा पाठही त्याच बैठकीत संपवला. एकूण पावणेसहा तास बसले.

८ जुलै
गेले तीन दिवस अंथरुणात काढले. सहा तास एका खुर्चीवर बसून ‘एका जागी फार वेळ बसू नका’ हे वाक्य तीन वेळा ध्वनिमुद्रित करणाऱ्या बाईने आणखी काही लिहू नये. यापुढे एका वेळी वीस मिनिटे, मग अंगणात एक चक्कर, असे घड्याळ लावून काम करणार. त्यामुळे ध्वनिमुद्रण संपण्याची तारीख दोन आठवडे पुढे गेली.

१६ जुलै
पहिला पाठ मैत्रिणीने परत पाठवला आणि तिचे बरोबर होते. ‘वेदना मेंदूत तयार होते’ असे मी सरळ लिहिले होते. शास्त्र म्हणून ते चुकीचे नाही. पण ज्या दोन जणींना ऐकवले, त्यांपैकी एकीचा चेहरा पडला. “म्हणजे मी नाटक करते, असंच माझे सासरेही म्हणतात,” असे ती म्हणाली. घरच्यांच्या हाती आयते हत्यार देणारे ते वाक्य होते.

नव्याने लिहिताना मळ्यातल्या कुत्र्याचे उदाहरण घेतले. मळ्यात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पुढे कित्येक दिवस पान हलले तरी भुंकतो. भुंकणे खरे असते, कुत्रा खोटारडा नसतो, फक्त चोर आता नसतो. दुखापत भरून आल्यावरही मज्जासंस्था अशीच हळवी होऊन राहू शकते आणि साध्या हालचालीलाही धोक्याची सूचना देते. कुत्र्याला मारून तो गप्प होत नाही. रोज त्याच्यासमोरून शांतपणे ये-जा करावी लागते. हा भाग लोकांनी लगेच उचलला. पुढे एका काकांनी फोनवर “आज कुत्रं जरा कमी भुंकलं” असा अहवाल दिला, तेव्हा पाठ पोहोचला हे कळले.

‘गॅप’ या शब्दासाठी पाठात चार मिनिटे वेगळी ठेवली. आमच्याकडे कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाच्या मणक्यात ‘गॅप’ असतो, आणि तो ऐकल्या दिवसापासून माणूस वाकणे सोडतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात, अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या मणक्यांची छायाचित्रे तपासणारे ३३ अभ्यास घेतले होते. त्यात चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. ही आकडेवारी ऐकवताना मी केस पांढरे होण्याची उपमा दिली. मैत्रिणीने मात्र बजावले की ‘गॅपला काही अर्थ नाही’ असे म्हणायचे नाही. ‘केवळ फोटोवरून दुखण्याचा अंदाज बांधता येत नाही’ एवढेच म्हणायचे. तसे केले.

२२ जुलै
पहिली तुकडी सुरू झाली. बोरी नदीकाठची दोन खेडी आणि अमळनेर शहर मिळून बावीस जण आहेत. भाच्याने एक साधे संकेतस्थळ उभारले असून त्यावर पाठ, प्रश्नावली आणि रोजची नोंदवही आहे. नाव आणि जागा मिळून वर्षाचा खर्च २,६०० रुपये आहे.

५ ऑगस्ट
दोन आठवड्यांत दुसऱ्या पाठापर्यंत सहा जण पोहोचले. फोन करून विचारल्यावर कारणे निघाली, आणि त्यांत दुखण्याचा किंवा पाठाच्या अवघडपणाचा काहीच संबंध नव्हता. परवलीचा शब्द विसरला. प्रश्नावलीत जन्मतारीख भरताना महिना आधी मागितला म्हणून गाडी अडली. नातू सुट्टीहून परत गेला आणि त्याच्याबरोबर वाचून दाखवणारेही गेले. पाच घरांत मोबाईल एकच आहे आणि तो सकाळी मुलासोबत कामावर जातो.

संकेतस्थळ बाजूला ठेवून पाठ व्हॉट्सअॅपवर पाठवायचे ठरले. भाचा हिरमुसला, पण “मावशी, माझे तीन शनिवार गेले” यापलीकडे काही बोलला नाही.

७ ऑगस्ट
गटात टाकले की शुभ सकाळचे फुलांचे फोटो सुरू होतात, म्हणून ब्रॉडकास्ट यादी केली. अकरा जणांना काहीच मिळाले नाही. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला असतो त्यालाच ब्रॉडकास्टचा संदेश जातो, हे मला माहीत नव्हते. दोन संध्याकाळी घरोघरी फिरून प्रत्येकाच्या फोनमध्ये ‘दुखणं बाई’ या नावाने माझा क्रमांक टाकला. नाव त्यांनीच ठरवले. पाठ पाठवण्याची वेळ रात्री साडेआठची केली, कारण तेव्हा फोन घरी असतो.

१२ ऑगस्ट
काल कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, घरोघरी बसल्या, आज विसर्जन आहे. गेल्या आठवड्यात बावीसपैकी चौदा जणींचे दुखणे उचल खाऊन बसले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येतात, त्याआधी घर सारवणे-रंगवणे, भांडी घासणे आणि नैवेद्याच्या रोटांचे दळण होते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि तरीही मी ‘हालचाल वाढवा’ हा पाठ नेमका त्याच आठवड्यात ठेवला होता. परदेशी कार्यक्रमाच्या वेळापत्रकावर आठवडा पहिला, दुसरा, तिसरा असे नुसते आकडे असतात. आमच्या वेळापत्रकाच्या शेजारी पंचांग ठेवावे लागेल. सण, पेरणी, निंदणी आणि वेचणी पाहून पाठांचा क्रम बदलायचा. सणाआधीच्या आठवड्यात ‘दुखणे उचल खाईल तेव्हा’ हाच पाठ द्यायचा.

३० ऑगस्ट
मोजमापाचा घोळ आज उघड झाला. प्रगती पाहण्यासाठी तीन प्रश्नांची सोपी मोजपट्टी वापरतो. तिला इंग्रजीत ‘पेग’ म्हणतात आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखले, दुखण्याने जगण्याच्या आनंदात किती अडथळा आणला आणि कामात किती आणला, या तिन्हींना शून्य ते दहा असे गुण द्यायचे असतात. आमच्या लोकांनी दहापैकी उत्तर दिलेच नाही. “बारा आणे” असे सांगितले. आमच्याकडे दवाखान्यात फरक आण्यांत सांगायची रीत जुनी आहे, त्यामुळे मी खूश होऊन सोळा आण्यांचे दहात रूपांतर केले आणि वहीत लिहिले.

आज एका काकांचे आकडे महिनाभर सारखे वाढत असलेले पाहून मी काळजीने फोन केला. ते म्हणाले, “बाई, बारा आना बरं शे!” म्हणजे त्यांचे बारा आणे हे बरे वाटण्याचे होते आणि मी ते दुखण्याचे म्हणून लिहीत होते. बाकीच्यांना विचारले तर निम्म्यांचे बारा आणे बरे झाल्याचे आणि निम्म्यांचे उरलेल्या दुखण्याचे निघाले. पाच आठवड्यांची वही रद्द केली. आता कागदावर हंड्याचे चित्र छापले आहे, त्यावर दहा रेघा आहेत; दुखणे हे पाणी समजून ते कुठवर भरले तिथे बोट ठेवायचे. काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईला या मोजपट्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. छपाईला ३२० रुपये लागले.

१७ सप्टेंबर
ही नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. असे काम करू पाहणाऱ्याने बाकी काही वाचले नाही तरी ही वाचावी.

दुसऱ्या तुकडीसाठी नावे घेत होते. एका चाळिशीच्या ताईंनी फोनवर पाठदुखी सांगितली, चार महिन्यांची. आमच्या अर्जात वय, दुखण्याची जागा आणि कालावधी एवढेच होते आणि त्या हिशेबाने त्या कार्यक्रमात बसत होत्या. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितले की कपडे सैल झालेत आणि संध्याकाळी कणकण येते. मी मैत्रिणीला फोन लावला. तिने त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायला सांगितले. मणक्याचा क्षयरोग निघाला आणि औषधे सुरू झाली. आम्ही त्यांना आठ आठवडे श्वासाचे व्यायाम ऐकवत बसलो असतो.

आता नाव घेण्याआधी प्रत्येकाशी प्रत्यक्ष बोलून हे विचारतो : कारण नसताना वजन घटले का, ताप किंवा रात्री घाम येतो का, पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग झाला होता का, पडणे-आपटणे झाले का, पायातली शक्ती कमी होते आहे का, मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरता आहे का, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला आहे का. यातले एकही असेल तर आधी डॉक्टर. बधिरता आणि ताबा जाणे ही तर त्याच दिवशी धावपळ करण्याची लक्षणे आहेत. शिवाय कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले तर पाठाच्या भरवशावर त्याला सोडायचे नाही. घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचे आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक तिथल्या तिथे लावून द्यायचा.

२८ सप्टेंबर
दोन दुरुस्त्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शिका काढली. तिच्यात कमरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत असे म्हटले आहे, ते मी पाठात जसेच्या तसे सांगितले होते. एका दादांनी सहा वर्षांचा पट्टा त्याच रात्री खुंटीला टांगला, दुसऱ्या दिवशी खताच्या गोण्या उचलल्या आणि चार दिवस झोपून राहिले. दुसऱ्या एका काकूंनी ‘गोळ्यांवरच विसंबू नका’ याचा अर्थ ‘गोळ्या बंद करा’ असा घेतला. नसांच्या दुखण्याच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर त्रास होतो. प्रत्येक पाठाच्या शेवटी आता एक वाक्य जोडले आहे : औषध किंवा पट्टा आपल्या मनाने सुरू करायचा नाही आणि आपल्या मनाने सोडायचाही नाही. आठही पाठ पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात अकरा दिवस गेले, वीस-वीस मिनिटांनी.

१४ ऑक्टोबर
दुसरी तुकडी सुरू केली, एकोणीस जण. पहिल्या तुकडीत आठवड्याचा फोन ठेवला नव्हता आणि त्यामागे माझे वाचन होते. मॅक्वारी विद्यापीठाच्या कार्यक्रमाची २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ४९० जणांवर झाली होती. तिच्यात नियमित संपर्क असलेले, हवा तेव्हाच संपर्क करणारे आणि अजिबात संपर्क नसलेले अशा तिन्ही गटांना जवळपास सारखाच फायदा झाला होता. तेव्हा फोनची गरज नाही असे मी ठरवून टाकले. पण ती माणसे आपणहून नाव नोंदवणारी, स्वतः वाचून स्वतः लिहिणारी होती. आमच्याकडे पहिल्या तुकडीतले बावीसपैकी सातच शेवटपर्यंत आले. या वेळी प्रत्येकाला आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन आहे. त्यात शिकवायचे नाही, फक्त ‘काय केले आणि कुठे अडले’ एवढेच विचारायचे. आठवड्याचे तीन-सव्वातीन तास त्यात जातात, आणि मला ते अंगणात चालत चालत करता येतात.

१९ ऑक्टोबर
कीपॅडचा फोन असलेले सहा जण आहेत, त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपचा उपयोग नाही. बसस्थानकाजवळच्या मोबाईल दुकानात गाणी भरून देतात, त्या मुलाला पाठही मेमरी कार्डात भरून द्यायला सांगितले. कार्डामागे वीस रुपये घेतले. फोनवर मराठी नावांच्या जागी चौकोनी डबे दिसू लागले, म्हणून फाइलींना नुसते आकडे दिले. तर एकनंतर दहा, अकरा आणि मग दोन असा क्रम लागला, कारण व्यायामांच्या वेगळ्या फाइली मिळून अकरा झाल्या होत्या. ०१, ०२ असे आकडे दिल्यावर क्रम सुधारला. एका आजींच्या कार्डात तिसरा पाठ आणि चौथा पाठ यांच्या मध्ये अहिराणी लग्नाचे गाणे वाजते. त्यांनी ते काढू दिले नाही. तेवढ्यात उठून चालायचे असते, असे त्यांनी ठरवले आहे, आणि मला त्यात सुधारणा सुचली नाही.

६ नोव्हेंबर
दिवाळी झाली आणि कापसाच्या वेचणीने जोर धरला. चौथा पाठ, म्हणजे ‘दमादमाने काम’, सपशेल पडला.

पाठात सांगितले होते ते असे. बरा दिवस असला की माणूस साचलेले सगळे काम ओढतो आणि पुढचे तीन दिवस पडून राहतो. म्हणून दुखणे वाढण्याआधी किती वेळ काम होते ते चांगल्या आणि वाईट दिवशी मोजावे, सरासरीच्या थोडे खाली आपली मर्यादा ठरवावी, तिथे थांबावे, विसावा घ्यावा, आणि ती मर्यादा दर आठवड्याला थोडी वाढवावी. माझ्यासारख्या पेन्शनीत बसलेल्या बाईला हे सहज जमते. फोनवर एक ताई म्हणाल्या, “बाई, मी थांबसू तं पैसा कोन दी?” वेचणी किलोवर असते, किलोमागे दहा रुपये. थांबलेल्या दहा मिनिटांचा भाव तिला तोंडपाठ आहे. दुसरी म्हणाली की शेतात थांबता येईल एक वेळ, घरी चुलीपुढून उठले तर सासूबाई भांडे आपटतात.

माझ्याजवळ उत्तर नव्हते, तसे तिला सांगितले. फोन ठेवून बराच वेळ तो पाठ पुन्हा ऐकला. त्यात ‘थांबा’ हा शब्द एकवीस वेळा आहे.

१२ नोव्हेंबर
त्या ताईंच्या शेतावर सकाळी सातला गेले. बांधावर बसून पाहिले. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसे कमरेवरचे ओझे वाढते, आणि पूर्ण भरेपर्यंत बाई ती रिकामी करायला गाठोड्याकडे जात नाही, कारण चालण्यात वेळ जातो. वजनकाट्यावर टाकून पाहिली तर भरलेली ओटी आठ किलोंच्या आसपास भरली. खालची बोंडे वेचताना ती पूर्ण वाकते आणि पाच-सहा झाडे तशीच पुढे सरकते. सरळ होताना हात गुडघ्यावर टेकवून, दात आवळून उठते. दुपारपर्यंत तिने पाणीही प्यायले नव्हते, कारण पाणी प्यायले की आडोसा शोधावा लागतो.

उपाय त्यांनीच काढला, मी फक्त विचारत गेले. एका पातीत दोघी लागायचे, एक वरची बोंडे घेईल आणि एक खालची, आणि पात संपली की अदलाबदल. किलो निम्मे निम्मे. ओटी अर्धी झाली की रिकामी करायची. गाठोड्यापर्यंत चालत जाणे हाच विसावा, आणि त्याला कोणी विसावा म्हणत नाही.

२५ नोव्हेंबर
विधानसभेच्या मतदानामुळे आशाताईंना (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना) दोन आठवडे वेळ नव्हता. पाठ सहावा पुढे ढकलला.

१५ डिसेंबर
वेचणीचा हिशेब ताईंनी स्वतः ठेवला आहे. पूर्वी ती दिवसाला पस्तीस किलो वेचायची आणि आठवड्यात दोन-तीन दिवस पडून असायची, म्हणजे चार दिवसांचे साधारण एकशेचाळीस किलो. आता दिवसाला एकतीसवर आली. पहिल्या आठवड्यात तिने मला खूप ऐकवले, कारण रोजचे चाळीस रुपये गेले. पण ती सहा दिवस कामावर राहिली आणि आठवड्याचे एकशेशहाऐंशी किलो झाले. हंड्यावरचे बोट आठव्या रेघेवरून सातव्यावर आले, म्हणजे दुखणे फारसे हललेले नाही. तिला विचारले तर म्हणाली, दुखते तेवढेच, पण आता ते मला घरी बसवत नाही. ही एका बाईची गोष्ट आहे, सगळ्यांना लागू पडेल असे मी म्हणत नाही. तिची जोडीदारीण समजूतदार निघाली हाही त्यातला भाग आहे. दोघींनी एकाच पातीत काम करण्याला एका मुकादमाने दुसऱ्या शेतात नकार दिला.

चौथा पाठ नव्याने लिहिला. ‘थांबा’ काढून ‘बदला’ घातले : काम बदला, हात बदला, उंची बदला. भाकरी ओट्यावर उभे राहून थापणे, पीठ बसून मळणे, भांडी दोन खेपांत घासणे. शिवाय घरच्यांसाठी सात मिनिटांचा वेगळा भाग केला, आणि तो सुनेने सासूला ऐकवायचा नाही, मी स्वतः घरी जाऊन सर्वांसमोर लावायचा. शाळेतल्या बाई घरी आल्या की चहा होतो आणि सगळे बसतात. एका घरी सासूबाईंनी ऐकून झाल्यावर स्वतःचे दोन्ही गुडघे दाखवले. आता त्या तिसऱ्या तुकडीच्या यादीत आहेत.

९ जानेवारी २०२५
झोपेचा पाठ पुरुषांनी फेटाळला. ‘रोज ठराविक वेळी झोपा’ हे वाक्य, रात्री कृषिपंपाची वीज येते तेव्हा गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ऐकवणे बरे दिसत नाही. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यासाठी वेगळा भाग केला : परतल्यावर चहा न घेता आडवे व्हायचे, खोलीत अंधार करायचा, दुपारी फार वेळ झोपायचे नाही, आणि दिवसाची पाळी आल्यावर उठण्याची वेळ एक धरून ठेवायची. फरक किती पडेल ते पाहायचे आहे. हे समजून घ्यायला मळ्यात गेले, त्या रात्री तिथे भरीत आणि कळण्याची भाकरी होती. जमिनीवर मांडी घालून दीड तास बसले आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजली, पण तिथे खुर्ची मागणे मला जमले नसते.

२० फेब्रुवारी
दुसरी तुकडी संपली. सणवार आणि निवडणूक धरून आठ आठवड्यांचे अठरा झाले. एकोणीसपैकी तेरा जण शेवटपर्यंत राहिले. सुटलेल्या सहांपैकी दोघे कामासाठी सुरतेला गेले, एकीचे बाळंतपण, तिघांना ‘नुसते ऐकून काय होणार’ असे वाटले. तेरांपैकी नऊ जणांचे कामातल्या अडथळ्याचे पाणी दोन रेघा किंवा त्याहून खाली उतरले. दुखण्याचे पाणी तेवढे उतरलेले चारच जण आहेत. दोघांचे काहीच हलले नाही आणि एकाचे वाढले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि थंडी संपली, वेचणी संपली, याचाही फरक असणार; म्हणून या आकड्यांवर फार भार टाकू नये.

खर्च आजवर ९,८४० रुपये झाला. त्यात प्रवास सर्वाधिक, मग संकेतस्थळ, जे आता कोणी उघडत नाही.

२ मे
परवा आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. माहेरी आलेल्या मुलींनी झोक्यावर बसल्या बसल्या आईच्या फोनमधले पाठ ऐकले आणि चार नवी नावे आली, त्यातली दोन नंदुरबारची. तिसरी तुकडी जूनमध्ये पेरणीच्या आधी बसवायची की पोळ्यानंतर, यावर मैत्रिणीशी बोलणे चालू आहे. मी पोळ्यानंतरच्या बाजूने आहे. तापमान पंचेचाळीसच्या घरात आहे आणि पंखा बंद करून ध्वनिमुद्रण शक्य नाही, म्हणून दुसऱ्या पाठातली एक चूक तशीच ठेवली आहे. तिथे मी ‘उजवा पाय’ म्हणते आणि व्यायाम डाव्याचा सांगते. तोवर प्रत्येकाला फोनवर सांगते आहे. मोबाईल दुकानातल्या मुलाने काल कार्डाचे वीस रुपये घेतले नाहीत. त्याची मान तीन महिन्यांपासून धरते आहे, आणि मी त्याला आधी ते सात प्रश्न विचारून घेतले.